प्रस्तावना : उपचाराला पुरावा मागावा

माहीममध्ये मुलासाठी हात जोडायला जागांची वानवा नाही. शीतलादेवीचे देऊळ, मगदूमशाह बाबांचा दर्गा आणि सेंट मायकल चर्चची बुधवारची नोव्हेना, ही तिन्ही ठिकाणे एका फेरीत होतात. शीतलादेवी तर पूर्वापार पोराबाळांच्या आजारपणाचीच देवी. चर्चच्या दाराशी मेणाचे हात, पाय, घरे, बाळे विकायला असतात. ज्याचे जे दुखणे असेल ते त्याने वाहायचे. तीन वर्षांचा होऊनही जो बोलत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही, त्याच्यासाठी मग अख्खे बाळच घ्यावे लागते. याच माहीममध्ये हिंदुजा रुग्णालय आहे, कॅनोसाची विशेष शाळा आहे, आणि इथून परळपर्यंत गेले तर वाटेत थेरपी सेंटरच्या कितीतरी पाट्या दिसतात. एकच कुटुंब एकाच आठवड्यात या सगळ्या दारांत उभे राहिलेले असते.

नवस बोलणाऱ्या पालकांना हसण्याचे कारण नाही. नवसाला फार पैसे पडत नाहीत, मुलाला त्याने इजा होत नाही आणि आपण शास्त्र आहोत असा दावाही तो करत नाही. चिंता करावी ती पांढरा कोट घालून विकल्या जाणाऱ्या नवसाची. त्याची पावती मिळते, पॅकेज असते, समोर तक्ते आणि यंत्रे असतात, आणि ‘सहा महिन्यांत फरक’ असे आश्वासन असते. हे पुस्तक या दुसऱ्या प्रकारच्या नवसापासून खरा उपचार वेगळा कसा ओळखायचा, याविषयी आहे.

विषयाची व्याप्ती आधी पाहू. मेंदूची घडण गर्भात सुरू होते आणि पुढे कितीतरी वर्षे चालू राहते. या घडणीत वेगळेपण किंवा अडथळा आला की त्याचा परिणाम हालचाल, भाषा, लक्ष, शिकणे, इतरांशी नाते जोडणे यांपैकी एकावर किंवा अनेकांवर दिसतो. सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अतिचंचलता, वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता, वाचा-भाषेचे दोष हे सगळे या एका छत्राखाली येतात. भारतात यांचे प्रमाण किती, याचा मोठा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. कांगडा, पलवल, ढेंकनाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांची 3,964 मुले तपासली गेली. अपस्मार आणि दृष्टी-श्रवणातले दोष धरून ढोबळमानाने दर आठ मुलांत एकाला यातले काही ना काही आढळले. अशा मुलांपैकी जवळपास पाचव्या हिश्शाला एकाहून अधिक अडचणी होत्या. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सात-आठ मुले. त्या वर्गाच्या बाईंना हे सांगावे लागत नाही. फक्त त्यांच्या भाषेत त्या मुलांची नावे ‘मस्तीखोर’, ‘ढ’ आणि ‘लक्ष नसतं त्याचं’ अशी असतात.

घरातही अशीच समजूत काढली जाते. ‘याचे बाबाही चार वर्षांपर्यंत बोलले नव्हते’, ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘शाळेत घातला की सुधारेल’. या वाक्यांत माया असते, पण वर्ष-दोन वर्षे हातची जातात. त्यावर कुणी म्हणेल की परदेशी मुलांचे मोजमाप आपल्या मुलांना लावायचेच कशाला? तर तेही तपासून झाले आहे. अर्जेंटिना, भारत, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान या चार देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले भारताचे काम मुंबईत झाले होते. चालणे, बोलणे, खेळणे यांचे बहुतेक टप्पे चारही देशांतल्या मुलांनी साधारण एकाच वयात गाठले. फरक पडला तो मुख्यतः स्वतःची कामे स्वतः करण्यात. आपल्याकडे आजी पाठीमागे वाटी घेऊन धावते, त्यामुळे मूल स्वतःच्या हाताने उशिरा जेवते, हे समजण्यासारखे आहे. बोलण्याला मात्र ही सबब लागू पडत नाही.

या क्षेत्राचा इतिहास लिहायचा तर मुंबईचा हा पट्टा टाळून पुढे जाता येणार नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीची जय वकील शाळा 1944 ची. ती आज शिवडीत आहे. 1950 मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचे देशातले पहिले विद्यालय सुरू केले. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने महाराष्ट्राच्या झालेल्या या बाईंचे नाव आज फलटणच्या कमला निंबकर बालभवनामुळे शिक्षणक्षेत्रात घेतले जाते. पण देशभर ‘ओटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हजारो थेरपिस्टांच्या व्यवसायाचे मूळही त्यांच्यापाशी जाते. 1955 मध्ये हाजीअलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आली. 1972 मध्ये मिठू अलूर यांनी कुलाब्यात स्पॅस्टिक्स सोसायटीची शाळा काढली आणि सेरेब्रल पाल्सी असलेले मूल शिकू शकते, हे मुंबईला समोर दाखवले. शीव रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचा दवाखाना उभा राहिला. 1996 पासून राज्य सरकारने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ आणि शुद्धलेखनाच्या चुकांना सूट देणे मान्य केले. 2001 मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र सुरू केले आणि बालविकासतज्ज्ञ, थेरपिस्ट, मानसतज्ज्ञ आणि पालक यांनी एकत्र बसून मुलाचा विचार करण्याची रीत इथे रुजवली.

शाळा आल्या, दवाखाने आले, कायदेही आले. ‘हे जे आपण करतो त्याने खरेच फरक पडतो का?’ हा प्रश्न मात्र बराच उशिरा आला, आणि तो जगभरच उशिरा आला. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये स्वमग्नतेचे वर्णन केले. त्यानंतरची दोन दशके दोष आईच्या माथी मारला गेला. ती मायेने थंड म्हणून मूल असे झाले, असे ब्रूनो बेटलहाइमसारखे नामवंत 1967 मध्येही ठासून सांगत होते. त्याआधीच, 1964 मध्ये, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने हा आरोप खोडून काढला होता. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. आयांची या कलंकातून सुटका झाली, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

याच रिमलँड यांनी पुढे सिक्रेटिनची तळी उचलली. ती कथा या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने वाचली पाहिजे. सिक्रेटिन हे पचनसंस्थेतले संप्रेरक. पोटाच्या एका तपासणीत ते टोचतात. 1998 मध्ये अशा तपासणीनंतर तीन स्वमग्न मुले बोलू-हसू लागल्याचा अहवाल आला, टीव्हीवर बातमी झळकली आणि अमेरिकेत हजारो पालक त्या इंजेक्शनसाठी धावले. 1999 मध्ये 60 मुलांवर नीट चाचणी झाली. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना मिठाचे पाणी. कुणाला काय दिले हे पालकांनाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यांनाही नाही. चार आठवड्यांनी दोन्ही गटांतल्या मुलांत सुधारणा दिसली, आणि ती जवळजवळ सारखी होती. निकाल पालकांना सांगण्यात आला, तरीही 69 टक्के पालकांना सिक्रेटिन हवेच होते.

त्या पालकांना अडाणी म्हणण्याआधी मिठाच्या पाण्याने सुधारणा का दिसली, हे समजून घ्यावे. मूल काहीच न करता महिन्याभरात थोडे वाढतेच. पालक डॉक्टरकडे जातात ते दिवस सर्वांत वाईट असताना, त्यामुळे पुढचे दिवस आपोआप बरे वाटतात. आणि ज्या आईने आशेने इंजेक्शन दिले तिला मुलाची प्रत्येक नजर नवी दिसते. ‘आमच्या मुलाला गुण आला’ हे वाक्य प्रामाणिक असते. ते उपचाराविषयी मात्र काहीच सिद्ध करत नाही. तुलनेसाठी दुसरा गट लागतो, चिठ्ठ्या टाकून वाटणी लागते, आणि मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे हे ठाऊक नसावे लागते. पुरावा म्हणायचा तो याला.

या चाळणीतून उपचारांच्या प्रमुख घराण्यांचे काय उरले, ते थोडक्यात सांगतो. पहिले घराणे वर्तनवाद्यांचे. ईव्हार लोव्हास यांनी 1987 मध्ये आठवड्याला 40 तासांचे प्रशिक्षण देऊन 19 पैकी 9 स्वमग्न मुले सर्वसाधारण शाळेत, सर्वसाधारण बुद्ध्यंकाने बसू लागल्याचे जाहीर केले. त्यातली वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, आणि त्या पद्धतीत मुलावर ओरडणे आणि मांडीवर चापट मारणेही बसत होते. पुढे अशा सखोल प्रशिक्षणाच्या अभ्यासांचा कोक्रेन आढावा 2018 मध्ये झाला, तेव्हा हाती लागले पाच अभ्यास आणि मिळून 219 मुले. उपयोग दिसतो, पण पुरावा कच्चा आहे, असा त्याचा निष्कर्ष. दुसरे घराणे विकासवाद्यांचे: मुलाला टेबलाशी बसवून आज्ञा देण्याऐवजी त्याच्या खेळात उतरायचे. डेन्व्हर पद्धतीची 48 चिमुकल्यांवरची दोन वर्षांची चाचणी 2010 मध्ये आली आणि भाषा-बुद्धीत फरक दिसला. आज ही दोन घराणी एकमेकांकडून बरेच शिकली आहेत. चांगल्या केंद्रात गेलात तर थेरपिस्ट कुठल्या घराण्याचा, हे चटकन ओळखता येत नाही.

तिसरे घराणे आपल्या मुंबईत सर्वांत लोकप्रिय. जीन एअर्स या अमेरिकन थेरपिस्टने मांडलेले संवेदी एकात्मीकरण, म्हणजे झोके, रंगीत चेंडूंचा हौद, अंगावर ब्रश फिरवणे. स्वतःपुरत्या ठरवलेल्या उद्दिष्टांत मुले पुढे गेली असे सांगणारे छोटे अभ्यास आहेत. पण ब्रिटनमध्ये 138 मुलांवर झालेल्या आणि 2022 मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या सेवेपेक्षा सरस काही आढळले नाही. झोका मुलाला आवडतो, एवढे कारण झोका देण्यासाठी पुरेसे आहे. तासाची फी लावण्यासाठी नाही.

सेरेब्रल पाल्सीत हा हिशोब अधिक स्पष्ट झाला आहे. ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 64 उपचारांना सिग्नलसारखे हिरवे, पिवळे, लाल दिवे दिले. अनेक दशके थेरपिस्ट ज्यावर वाढले ती बोबाथ पद्धत तिच्या मूळ रूपात लाल दिव्यात गेली. दाबाखालच्या ऑक्सिजनचेही तेच झाले. हिरव्यात आले ते साधे वाटणारे उपाय: मुलाला हवे असलेले नेमके काम निवडून त्याचाच सराव करणे, चांगला हात काही काळ बांधून दुबळ्याला कामाला लावणे, घरी करायचा आखीव कार्यक्रम. शाळेच्या शर्टाची बटणे ज्या मुलाला लावायची आहेत, त्याने बटणे लावावीत. गादीवर निजवून त्याचे हातपाय कुणीतरी ताणत राहिले, म्हणून पुढे कधीतरी बटणे आपोआप लागतील, या भरवशावर त्याने बसू नये.

औषधांचे खाते वेगळे. अतिचंचलतेत औषधाचा उपयोग 1937 पासून माहीत आहे. 1999 मध्ये अमेरिकेत 579 मुलांच्या चाचणीत चौदा महिन्यांनी, काळजीपूर्वक दिलेले औषध नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरले. तीन वर्षांनी तो फरक विरला, हेही त्याच चमूने लपवले नाही. स्वमग्नतेच्या गाभ्यावर आजही औषध नाही. चिडचिड, स्वतःला इजा करणे यांवर काही औषधे चालतात. वाचन अक्षमतेत अक्षर आणि आवाज यांचा पद्धतशीर, टप्प्याटप्प्याने सराव हाच भरवशाचा मार्ग आहे, आणि मराठीतून तपासणी करण्यासाठी ‘डाली’ ही चाचणी 2015 पासून उपलब्ध आहे.

मग हे सारे दहा बाय बाराच्या खोलीत कसे बसायचे? आठवड्याला 40 तासांचा खर्च कुणाला परवडेल? या प्रश्नाला मिळालेले सर्वांत चांगले उत्तर आपल्या अंगणातले आहे. गोव्याच्या ‘संगत’ या संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या सहकाऱ्यांनी 65 स्वमग्न मुलांची चाचणी केली. ती 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त छापून आली. मुलाला थेरपी द्यायला तज्ज्ञ नव्हते. थोडे प्रशिक्षण घेतलेले आरोग्य कार्यकर्ते होते, आणि तेही मुलाला शिकवत नव्हते. ते आई-बाबांना शिकवत होते. पालक मुलाशी खेळतात त्याचा छोटा व्हिडिओ काढायचा आणि दोघांनी मिळून पाहायचा. व्हिडिओत साधारण असे दिसते: मूल डब्याचे झाकण जमिनीवर भिंगरीसारखे फिरवते आहे. आई म्हणते, ‘हे काय आहे? झाकण म्हण. कुठला रंग? सांग ना, कुठला रंग?’ मूल पाठ फिरवते. पुढच्या वेळी आई त्याच्याशेजारी बसते, दुसरे झाकण फिरवते आणि गप्प राहते. झाकण थांबते. मूल झाकणाकडे पाहते, मग आईच्या हाताकडे, मग आईकडे. तेव्हा आई म्हणते, ‘फिरव?’ एवढेच. चाचणीत उपचार मिळालेल्या गटात पालकांचा मुलाशी सूर जुळला आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. स्वमग्नता गेली नाही, तसा दावाही कुणी केला नाही. पण माहीम कॉजवेजवळच्या वस्तीतल्या आईलाही हे करता येईल. खर्च आहे तो कार्यकर्तीच्या पगाराचा आणि आईला मिळायला हव्या असलेल्या अर्ध्या तासाच्या उसंतीचा.

पुराव्याची आणखी एक बाजू इथे नोंदवली पाहिजे. मोजायचे काय, हे आजवर डॉक्टर ठरवत आले. आता मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्ती स्वतः लिहू-बोलू लागल्या आहेत आणि विचारत आहेत, की डोळ्याला डोळा भिडवण्याची सक्ती आमच्यावर कुणाच्या सोयीसाठी झाली? हात फडफडवले तर कुणाचे काय बिघडते? हा आक्षेप पुराव्याच्या विरोधात नाही. मूल चारचौघांसारखे दिसते का, यापेक्षा ते आपल्याला काय हवे ते सांगू शकते का, झोपते का, मित्र आहे का, शाळेत टिकते का, हे मोजा, अशी त्यांची मागणी आहे. डेव्हिड सॅकेट यांनी 1996 मध्ये पुराव्यावर आधारलेल्या वैद्यकाची मांडणी केली, तेव्हा संशोधन आणि डॉक्टरचा अनुभव यांच्या बरोबरीने रुग्णाची इच्छा हा तिसरा पाय त्यात होताच. मुलांच्या बाबतीत तो पाय लंगडा राहिला.

हे पुस्तक आत्ताच का? एक कारण कायद्याचे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. त्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आली, अतिचंचलता मात्र यादीबाहेरच राहिली. बालकांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला आणि विकासातला विलंब अंगणवाडीच्या पातळीवर शोधला जाऊ लागला. निदान होणारी मुले वाढली, त्यांच्यामागे गिऱ्हाईक शोधणारा बाजारही वाढला. स्वमग्नतेवर मूलपेशींचा उपचार हे त्याचे सर्वांत महागडे दुकान. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मान्य चाचणीबाहेर असा उपचार देणे अनैतिक ठरवले. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने स्वमग्नतेसाठी त्याची शिफारस करत नसल्याचे आणि त्याचा प्रचार हा व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे सांगितले. तरीही मोबाइलवर जाहिराती येतात, आणि गावाकडची जमीन विकून आलेले पालक भेटतात.

पुस्तकाची रचना याच गरजेतून ठरली आहे. एकेक निदान घेऊन त्याची लक्षणे सांगणारी पुस्तके मराठीत आहेत. इथे प्रत्येक उपचाराला तेच चार प्रश्न विचारले आहेत: काय दावा आहे, तो कुणी आणि कसा तपासला, मुलाच्या रोजच्या जगण्यात त्याने काय बदलले, आणि त्याची किंमत काय. जिथे उत्तर ‘अजून माहीत नाही’ असे आहे तिथे तसेच लिहिले आहे. वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहेत पालक, आजी-आजोबा, बालवाडीच्या ताई, नुकतेच पदवी घेतलेले थेरपिस्ट आणि ज्यांच्याकडे ही मुले सर्वांत आधी येतात ते गल्लीतले डॉक्टर. निदान करण्याचे किंवा डॉक्टरऐवजी सल्ला देण्याचे काम हे पुस्तक करत नाही. कोणत्याही केंद्राला ते प्रमाणपत्र देत नाही, आणि कोणत्याही केंद्रावर बहिष्कारही घालत नाही.

पालकांना शेवटी एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी थेरपीचे पॅकेज घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: तीन महिन्यांत माझे मूल नेमके कोणते नवे काम करू लागेल, ते आपण कसे मोजू, आणि फरक पडला नाही तर तुम्ही काय बदलाल? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. चांगला थेरपिस्ट त्यांचे स्वागत करतो आणि उत्तरे वहीत लिहून देतो. ज्याला ते आवडत नाहीत, त्याच्याकडे पैसे भरू नका.